मिलानमध्ये फॅशनवाले जेवतात कुठे?

सुईदोरा

मागच्या आठवड्यात पॅटर्न कटिंगच्या धाग्यावर एकीने विचारलं होतं, "ताई, आठ वर्षं मिलानला होतात, मग ती फॅशनची मंडळी जेवायला कुठे जातात ते सांगा की." तिथे विषयांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

मी तिथे 'मोदेल्लिस्ता' होते. डिझायनरच्या चित्रावरून कागदी नमुना कापायचा, ते काम. शोच्या पहिल्या रांगेत मी कधी बसले नाही. पण शोच्या आधीचे आठ-दहा दिवस आम्हा सगळ्यांचं रात्रीचं जेवण बाहेर आणि एकत्र व्हायचं. साडेनऊ-दहाला काम थांबायचं आणि कुठे जायचं ते आमच्या मुख्य शिंपीणबाई ठरवायच्या. साठी ओलांडलेल्या, तोंडाने फटकळ, हात मात्र विलक्षण. गळ्यातली टेप काढायचं भान नसायचं, ती तशीच घेऊन जेवायला यायच्या. मला ही ठिकाणं कळली ती त्यांच्या मागे मागे फिरून.

त्यांच्याकडून पहिली गोष्ट शिकले ती ही, की नव्या झगमगीत जागी ही मंडळी एखाद्या पार्टीपुरती जातात. भूक लागली की त्यांची पावलं जुन्या त्रात्तोरियाकडे वळतात. त्रात्तोरिया म्हणजे घरच्यांनी चालवलेली खाणावळ. पांढरे टेबलक्लॉथ, पंचवीस-तीस वर्षं तिथेच असलेला वाढपी, आणि मेनू असा की दहा वर्षांनी गेलात तरी पाठ असेल.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इटालियन फॅशनचं पहिलं मोठं व्यासपीठ मिलान नव्हतं, फ्लॉरेन्स होतं. १९५१ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता जोर्जिनी यांनी परदेशी खरेदीदार बोलावून स्वतःच्या घरी कपडे दाखवले, आणि पुढे दोनेक दशकं फ्लॉरेन्सचाच पित्ती राजवाडा गाजत राहिला. सत्तरच्या दशकात एकेक जण मिलानला सरकला. रेशीम कोमोचं, लोकर बिएल्लाची, दोन्ही मिलानच्या जवळ. मासिकांच्या कचेऱ्या आणि पैसा तर मिलानमध्येच. आर्मानींनी १९७५ मध्ये कंपनी काढली, व्हर्साचेंनी १९७८ मध्ये. पण फ्लॉरेन्स ज्या टस्कनीत आहे, तिथले स्वयंपाकी त्याच्या कितीतरी आधी मिलानला पोचले होते! मुंबईत उडुपी आले आणि साऱ्या शहराचा नाश्ता त्यांनी आपल्या हातात घेतला, तसंच हे. मिलानमधल्या जुन्या नावाजलेल्या खाणावळींचे मालक विचारा, निम्मे टस्कनीचे निघतील.

'बीचे'चंच बघा. बेआत्रिचे नावाच्या टस्कनीच्या बाईंनी १९२६ मध्ये सुरू केलं. लाडाचं नाव बीचे, तेच खाणावळीचं झालं. हे ठिकाण व्हिया बोर्गोस्पेस्सोत आहे ('व्हिया' म्हणजे रस्ता), म्हणजे मोंतेनापोलेओने या अतिमहागड्या खरेदीच्या रस्त्याला लागून. फॅशनची घरं आजूबाजूला नंतर उगवली, चूल तिथे आधीच पेटलेली होती. दुसरं 'जाकोमो', व्हिया सोत्तोकोर्नोवर. जाकोमो बुल्लेरी हे टस्कनीतल्या कोल्लोदी गावचे. पोरवयात स्वयंपाकघरात शिरले, १९५८ मध्ये स्वतःचं दुकान टाकलं, २०१९ मध्ये वारले. आतली सजावट रेंझो मोंजार्दिनो यांची, जे मोठमोठ्यांची घरं सजवायचे. तरी बसल्यावर वाटतं की कुणा आत्याच्या जेवणघरात आलोय. मासळी उत्तम.

तिसरं 'पेपर मून', व्हिया बागुत्तात, १९७७ पासून. पापडासारखा पातळ पिझ्झा. दुपारी तिथे शोरूममधली माणसं दिसतात, झटपट खाऊन पळणारी.

आणि माझं सगळ्यात लाडकं, सान मार्को रस्त्यावरची 'लात्तेरिया'. लात्तेरिया म्हणजे दूधडेअरी. मिलानमध्ये पूर्वी अशा डेअऱ्यांत चार टेबलं टाकून गरम जेवण द्यायचे. ही अनेक दशकं आर्तुरो आणि मारिया माज्जी या नवराबायकोने चालवली. टेबलं आठेक, बुकिंग नाही. जवळच 'कोर्रिएरे देल्ला सेरा' दैनिकाची कचेरी, त्यामुळे एका टेबलावर संपादक, दुसऱ्यावर डिझायनर, तिसऱ्यावर आम्ही टाचण्या खोवलेले. लिंबाची स्पागेत्ती यायची, पांढरट, साधी, वर काही सजावट नाही. पहिल्या घासाला आमच्या बाई म्हणाल्या, "बघ, शिवण दिसत नाही." अस्तर लावलेल्या कोटाला देतात ती दाद त्यांनी स्पागेत्तीला दिली होती.

---

कोथरूडकर

सुईदोराताई, धागा अगदी वेळेवर आला. मुलगी फॅशनचं शिकायला मिलानला चालली आहे. कोर्स फेब्रुवारीत सुरू होतोय. तिला सोडायला आम्ही दोघं जातोय. आम्ही तिघंही शाकाहारी, अंडंही नाही. या ठिकाणी आमच्यासारख्यांनी जावं का? आणि खिशाचा अंदाज द्याल का?

---

बोरकूट

वाचतेय. शिंपीणबाईंबद्दल आणखी लिहा ना.

---

केशरभात

कोथरूडकर, खाण्याचं मी सांगतो. मी पाव्हियाला राहतो, मिलानहून रेल्वेने अर्ध्या तासावर. इथे आजूबाजूला सगळी भातशेती. एप्रिल-मेमध्ये खाचरात पाणी सोडतात तेव्हा कोकणात आल्यासारखं वाटतं.

मिलानचा केशरी रिसोत्तो दिसतो सात्त्विक, पण जपून. जुन्या पद्धतीत तांदूळ परतताना बैलाच्या नळीच्या हाडातली मज्जा घालतात आणि शिजवतात मांसाच्या पाण्यात. म्हणून विचारायचं, "ब्रोदो दी कार्ने?" म्हणजे मांसाचं पाणी आहे का. बऱ्याच ठिकाणी भाज्यांच्या पाण्यातला करून देतात, पण आधी सांगावं लागतं. चीजचंही तसंच. पार्मिजानो आणि ग्राना पादानो यांच्यात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य असतं, नियमानेच. हे चालत असेल-नसेल ते तुम्ही ठरवा. न चालणाऱ्यांनी "सेंझा फोर्माज्जो", म्हणजे चीजशिवाय, म्हणायचं.

खास शाकाहारी आणि उंची जागा हवी असेल तर 'योया'. पिएत्रो लीमान यांनी १९८९ मध्ये सुरू केलं. १९९६ मध्ये 'मिशलिन' या खाद्यमार्गदर्शिकेचा तारा मिळवणारं ते युरोपातलं पहिलं शाकाहारी रेस्तराँ. मुलीचा वाढदिवस वगैरे असेल तर जा, एरवी खिसा बघून.

आता एक पदार्थ, जो फॅशनवाल्यांत फार प्रिय आहे आणि कुणी सांगत नाही: रिसोत्तो अल साल्तो. कालचा उरलेला रिसोत्तो. लोखंडी तव्यात लोणी वितळवून त्यावर हा गार भात थापायचा, अगदी आपल्या थालीपिठासारखा, बोटभरही जाड नाही. हलवायचं नाही. कडा सुटून तपकिरी झाल्या की तवा झटकून उडवून उलटायचा. साल्तो म्हणजे उडी. दुसरी बाजूही खरपूस. बाहेर खरपुडी, आत मऊ केशरी भात. पूर्वी ला स्काला नाट्यगृहातला ऑपेरा संपल्यावर रात्री उशिरा लोक हाच खायचे. शिळ्या भाताचं सोनं करायची अक्कल आपल्या फोडणीच्या भातात आहे तीच.

आणि सोन्यावरून सांगतो, मिलानचे नामवंत आचारी ग्वाल्तिएरो मार्केझी यांनी १९८१ मध्ये केशरी रिसोत्तोवर खरा सोन्याचा वर्ख ठेवला होता. मध्ये एक चौकोन, काळ्या कडेची ताटली. चांदीचा वर्ख लावलेली बर्फी खाऊन मोठे झालेल्या माणसाला त्यात धक्का बसत नाही, पण तिकडे तो पदार्थ इतिहासात गेला. चार वर्षांनी त्यांना मिशलिनचे तीन तारे मिळाले, इटलीत सर्वांत आधी.

---

सुईदोरा

केशरभात, साल्तोबद्दल लिहिलंत, मनापासून धन्यवाद. आमच्या बाई तो मागवायच्या तेव्हा वाढप्याला बजावायच्या, "करपला तर चालेल, फिका नको."

कोथरूडकर, खिशाचं सांगते. सगळ्यात स्वस्तात 'उंची' अनुभव हवा तर सकाळची कॉफी. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायची. बसलात की दर वेगळा, आणि मोंतेनापोलेओनेवर तो कितीतरी जास्त. त्या रस्त्यावर 'कोव्हा' हे कॅफे आहे, १८१७ मध्ये ला स्कालाजवळ सुरू झालेलं आणि १९५० मध्ये इथे आलेलं. 'मार्केझी' हे मिठाईचं दुकान १८२४ चं (वरच्या आचाऱ्यांशी फक्त नावाचं साम्य). २०१३ मध्ये लुई व्हितॉनवाल्या एलव्हीएमएचने कोव्हातला मोठा वाटा घेतला आणि पुढच्याच वर्षी प्रादाने मार्केझीतला. पर्स विकणाऱ्यांना मिठाईची दुकानं का हवीत? माझं मत असं, की गिऱ्हाईक कपड्यांच्या दुकानात वर्षातून दोनदा येतं, कॉफीला रोज. शोच्या आठवड्यात सकाळी साडेआठला मार्केझीच्या काउंटरपाशी उभे राहा, मासिकांतल्या बायका काळ्या कोटात दोन मिनिटांत कॉफी संपवून निघताना दिसतील. मूळ दुकान व्हिया सांता मारिया आल्ला पोर्तावर आहे, ते लहान आणि शांत. मी तिथेच जायचे.

भूक लागली तर दुओमोच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, मागे 'लुईनी'. पांझेरोत्ती मिळतात, म्हणजे तळलेली, करंजीच्या आकाराची, आत टोमॅटो आणि मोझारेल्ला. दक्षिण इटलीतल्या पुलियाहून आलेल्या कुटुंबाने १९४९ मध्ये मिलानमध्ये सुरू केलं. रांग मोठी असते पण सरकते भराभर. पहिला घास जपून घ्या, आतलं चीज पोळतं.

जेवायला बसलात की बिलात 'कोपेर्तो' दिसेल, माणशी दोन ते पाच युरो. पाव आणि मांडणीचे ते पैसे, फसवणूक नव्हे. वेगळी टीप अपेक्षित नसते.

आणि फेब्रुवारीचं ऐका. बायकांच्या कपड्यांचे शो फेब्रुवारीअखेर आणि सप्टेंबरअखेर असतात. तुमच्या तारखा त्यात अडकल्या तर हॉटेलचे दर चढलेले असतील आणि मध्यभागात रात्रीचं टेबल मिळणं कठीण. दुपारी साडेबाराला जा. ती मंडळी दीडनंतर येतात.

---

रंगपेटी

मी पोलितेक्निको या मिलानच्या विद्यापीठात डिझाइन शिकते. ताईंनी जेवणाचं लिहिलं, मी संध्याकाळचं लिहिते. मिलानमध्ये सहा ते आठ-साडेआठ म्हणजे 'आपेरितीव्हो'. हातात पेला, समोर ऑलिव्ह, बटाट्याचे काप, आणि कामाच्या गप्पा. अर्धी नोकरभरती तिथेच होत असावी.

'बार बास्सो', व्हिया प्लिनिओवर. मध्यभागापासून दूर, साधी वस्ती. १९७२ च्या सुमारास मिर्को स्तोक्केत्तो यांनी नेग्रोनी या कॉकटेलमध्ये जिनऐवजी फसफसती वाइन ओतली, त्याचं नाव पडलं 'नेग्रोनी स्बाल्यातो', म्हणजे चुकलेली नेग्रोनी. पेला दोन्ही हातांनी उचलावा एवढा, बर्फाचा एकच मोठा तुकडा. एप्रिलमध्ये फर्निचरचं प्रदर्शन भरतं तेव्हा आमच्या क्षेत्रातला सगळा गोतावळा तिथे रस्त्यावर उभा असतो.

दुसरं, 'कांपारीनो', दुओमोशेजारच्या गॅलेरिया या काचेच्या छताच्या बाजारात, १९१५ पासून. त्याच गॅलेरियात मारिओ प्रादांनी १९१३ मध्ये चामड्याच्या वस्तूंचं दुकान थाटलं, ते आजही आहे. दारू न पिणाऱ्यांनी 'क्रोदिनो' मागावं. केशरी, कडवट, बिनदारूचं, आणि हातात शोभतंही.

शहराच्या तोर्तोना भागात जुने कारखाने होते, तिथे आता शोरूम आणि स्टुडिओ. आर्मानींचं संग्रहालय पूर्वीच्या धान्याच्या कोठारात आहे. तिथून जवळ व्हिया सव्होनावर 'लांगोस्तेरिया', २००७ चं, समुद्री खाण्यासाठी. मोंक्लेर या फॅशन कंपनीच्या रुफ्फिनींनी त्यात मोठी भागीदारी घेतली. मी आत एकदाच गेले, कुणीतरी नेलं म्हणून. कच्ची कोळंबी खाल्ली आणि पुढचे दोन दिवस तीच आठवत होती.

---

पंचगंगा

मी कोल्हापूरचा, आणि मला या धाग्यात वेगळं काही म्हणायचं आहे. विषयाला सोडून वाटलं तर सांगा.

जून २०२५ मध्ये मिलानला प्रादाच्या पुरुषांच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल आली आणि तिच्या मुळाचा उल्लेख नव्हता. २०१९ मध्येच कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आपले चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. महाराष्ट्र चेंबर या व्यापार-उद्योगाच्या संघटनेने पत्र लिहिलं, मग कंपनीने मूळ मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांनी करायचे ठरले, किंमत जोडीला आठशे युरोच्या आसपास.

माझा मामा चप्पल बांधतो. तो शो जिथे झाला ती जागा मला बघायची आहे, आणि मामालाही न्यायचं आहे. तिथे बसून काही खाता येतं का?

---

सुईदोरा

पंचगंगा, हे अजिबात विषय सोडून नाही. हा धागा त्याच लोकांबद्दल आहे जे हाताने काम करतात.

ती जागा म्हणजे लार्गो इसार्कोवरची फोंदात्सिओने प्रादा, प्रादाची कलासंस्था. पूर्वी तिथे दारूची भट्टी होती. वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या संस्थेने तिचं रूप बदललं आणि २०१५ मध्ये ती खुली झाली. एक आख्खी इमारत सोन्याच्या वर्खाने मढवली आहे. आत 'बार लूचे' आहे, चित्रपट दिग्दर्शक वेस अँडरसन यांनी रचलेलं. पन्नास-साठच्या दशकातल्या मिलानच्या कॅफेसारखं: फिकट हिरवी-गुलाबी फॉर्मायका टेबलं, जुनी पिनबॉलची यंत्रं. सँडविच, केक, कॉफी मिळते आणि कुणालाही जाता येतं. मामांना घेऊन जाच. त्यांना म्हणावं, टेबलाखाली बघा, शेजारच्यांच्या पायांत काय आहे ते. मीही तेच करायचे, कपड्यांच्या शिवणी बघत जेवायचे.

करार झाला याचा मला आनंद आहे. पण चप्पल बांधणाऱ्याच्या हातात जोडीमागे किती पडतात, ते कळेपर्यंत मी तरी लक्ष ठेवणार.

---

उत्तररात्र

थोडा मतभेद नोंदवतो. मी पाच वर्षं मिलानच्या पोर्ता व्हेनेत्सिया भागात राहतोय, एका खरेदीदाराच्या कचेरीत काम करतो. ताईंची ठिकाणं खरी आहेत, पण ती मालकांची आणि संपादकांची. फॅशनमधली बहुतेक माणसं सहायक, इंटर्न, प्रेसवाली, केस-मेकअपवाली. त्यांच्या पगारात जाकोमोचं जेवण बसत नाही. मध्यंतरी एका नामांकित जुन्या जागी पाहुण्यांना नेलं, बिल बघून महिनाभर घरी डाळभात खाल्ला. पास्ता चांगला होता, पण इतक्या पैशांचा नव्हता.

आम्ही जातो व्हिया पाओलो सार्पीला, चिनी वस्तीत. 'राव्हिओलेरिया सार्पी'च्या खिडकीत समोर डंपलिंग लाटून वाफवतात, सारणाचं मांस शेजारच्या जुन्या इटालियन खाटकाकडचं. किंवा आमच्याच पोर्ता व्हेनेत्सियात एरिट्रियन खाणावळीत. सत्तरच्या दशकापासून ही मंडळी इथे आहेत. एक मोठं ताट मध्ये, त्यावर इंजेरा, म्हणजे त्यांची आंबवलेली पोळी, पसरलेला, सगळे एकाच ताटात हाताने जेवतात. शोच्या आठवड्यात मी तिथे मॉडेल मुलींना पाहिलंय, कास्टिंगची वही बाजूला ठेवून बोटं चाटताना.

कोथरूडकर, तुम्ही इथेच जा. 'शिरो' मागा. हरभऱ्याच्या पिठाचं असतं, म्हणजे पिठलंच.

---

सुईदोरा

उत्तररात्र, तुमचं बरोबर आहे, मी मान्य करते. आमचंही जेवण वर्कशॉप द्यायचं म्हणून त्या जागा घडल्या, स्वतःच्या पैशांनी मी लात्तेरियाच्या पुढे क्वचितच गेले. शिरो माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि ते आधी यायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. जुन्या त्रात्तोरियाची किंमत ताटातल्या पास्त्याची नसते. शो पडला, वर्तमानपत्रांनी झोडपलं, तरी दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं टेबल राखलेलं असतं आणि वाढपी नेहमीचंच आणून ठेवतो. मी पाहिलंय. एक डिझायनर, नाव नको, अशाच दिवशी एकटा आला होता. वाढप्याने काही न विचारता वाटीभर पांढरा भात आणला, वर लोणी, बाजूला किसलेलं चीज. आजारी पोराला देतात तसा. तो सगळा संपवला त्याने.

---

बोरकूट

हे वाचून आत काहीतरी हललं.

---

भटकी

ऑगस्टात कुणी जाऊ नका. मी गेले होते. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो, त्याच्या मागेपुढे अर्धं शहर समुद्रावर. दारादारावर सुट्टीच्या चिठ्ठ्या. तीन दिवस सुपरमार्केटचा पाव आणि पीच खाल्ले. पीच मात्र अप्रतिम होते.

---

कोथरूडकर

सर्वांना नमस्कार. परवा परतलो, कसं झालं ते लिहितोय.

लुईनी झालं, मार्केझी झालं (उभ्यानेच, ताई). बार लूचेत बसलो, पंचगंगांची आठवण काढली. केशरभात, मांसाच्या पाण्याचं विचारलं, वाढप्याने आत जाऊन चौकशी केली आणि येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, "आहे." मग भोपळ्याचा रिसोत्तो घेतला. साल्तो राहिला.

शेवटच्या रात्री एरिट्रियन खाणावळ. बायकोचा चेहरा आठवडाभर उतरलेला होता, लेकीला मागे ठेवून यायचं म्हणून. ताट आलं. इंजेरा आंबोळीसारखा, जाळीदार, आंबूस. मध्ये शिरो, अजून रटरटणारं. तिने एक घास घेतला, लेकीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, लसूण जरा कमी आहे, पण पिठलंच आहे." खाणावळीच्या बाई काउंटरवरून बघत होत्या. भाषा कुणालाच कुणाची कळत नव्हती. त्या आतून एक भांडं घेऊन आल्या, आणखी दोन पळ्या शिरो ताटात वाढलं आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

मुलीचा काल फोन आला. गुरुवारी वर्गातल्या चौघींना घेऊन तिथेच गेली होती.